देव विटेवर थांबला, ऑफिस थांबत नाही

गेल्या महिन्यात आमच्या नात्यातल्या एकाने त्याच्या आईला कॅन्सरच्या मोठ्या ऑपरेशननंतर थेट घरी न आणता तीन आठवडे एका केअर सेंटरला ठेवलं, आणि त्यावरून नातेवाइकांत जे काही सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. काकूंना जिभेचा कॅन्सर होता, अर्ध्याच्या वर जीभ काढली, मानेतल्या गाठी काढल्या, नाकात नळी, गळ्याला श्वासासाठी भोक. अशा अवस्थेत त्यांना घरी कसं सांभाळायचं हे त्याला कळेना म्हणून त्याने सोय बघितली. लगेच एक पार्टी म्हणायला लागली, जन्म दिलेल्या आईला परक्यांच्या हातात टाकलं, हेच का संस्कार. दुसरी पार्टी म्हणते, जमाना बदललाय, ही प्रोफेशनल लोकांची कामं आहेत, त्यांना पैसे द्या आणि मोकळे व्हा, उगाच भावनेच्या भरात घराची वाट लावून घेऊ नका. लग्नात, बारशात, फोनवर, सगळीकडे हाच विषय. दोन्हीकडची माणसं मनाने चांगली आहेत, त्यांना काकूंची काळजीच आहे, पण ज्या प्रश्नावर ती भांडतायत तो प्रश्नच मला पटत नाही. मुलगा चांगला की वाईट, एवढ्यावर सगळं येऊन थांबतं. काकूंच्या नळीत दर दोन तासांनी कोण काय घालणार, कसं घालणार, ते त्याला कोणी शिकवलं, आणि तेवढे दिवस त्याचं घर कशावर चालणार, हे कोणीच विचारत नाही.

तीन वर्षांपूर्वी मी हे सगळं आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, घरी केलेलं आहे. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. मोठ्या ऑपरेशननंतर आईवडिलांना शक्यतो घरीच आणावं, याच मताचा मी आहे. पण घरी जे करावं लागतं ते नर्सिंगचं काम आहे, शिकून करायचं काम, आणि आपण त्याला सेवा, माया, संस्कार अशी नावं दिली की हॉस्पिटलला ते शिकवावं लागत नाही, सरकारला ते मोजावं लागत नाही आणि ऑफिसला त्यासाठी रजा द्यावी लागत नाही. मराठीत आपण किती सहज म्हणतो, "त्याने वडिलांचं सगळं केलं." त्या "सगळं"मध्ये नक्की काय काय असतं ते एकदा उघडून बघितल्याशिवाय या विषयावर बोलूच नये असं मला वाटतं.

आप्पा एसटीत मेकॅनिक होते, तंबाखू-चुना चाळीस वर्षं. डाव्या गालाचा कॅन्सर निघाला. गाल आतून काढला, खालच्या जबड्याचा तुकडा काढला, मानेच्या गाठी काढल्या आणि छातीचं मांस फिरवून गालाच्या जागी लावलं. ऑपरेशन सरकारच्या महात्मा फुले योजनेत बसलं, खिशातून फार गेलं नाही, त्याबद्दल मी कायम ऋणी राहीन. दहाव्या दिवशी डिस्चार्ज. सकाळी अकराची वेळ, पुढचा पेशंट बेडसाठी बाहेर बाकावर बसलेला, मी व्हीलचेअर धरून उभा, आणि सिस्टरने एकदा, फक्त एकदा, नळीतून फीड कसं द्यायचं ते दाखवलं. हातात दोन पानी कागद, तो इंग्रजीत. आईने विचारलं काय लिहिलंय रे, मी म्हटलं काही नाही, वेळच्या वेळी पाजायचं. मला तरी कुठे कळलं होतं.

घरी आल्यावर हिशोब कळला. सकाळी ६ ते रात्री १०, दर दोन तासांनी, म्हणजे दिवसाला ९ वेळा, प्रत्येक वेळी साधारण २०० मिली. भाताची पेज, मुगाचं कढण, नाचणी, दुधात फेटलेलं उकडलेलं अंडं, जे काही असेल ते मिक्सरला फिरवायचं आणि दोनदा गाळायचं, कारण एक कण अडकला तरी नळी चोक होते. आधी पाणी सोडायचं, मग फीड, मग परत पाणी. माणसाला बसवून द्यायचं आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. करणं, गाळणं, देणं, धुणं हे सगळं धरलं तर एका वेळेला ४० मिनिटं कुठेच जात नाहीत. ९ वेळा म्हणजे ६ तास. हे फक्त जेवण झालं. गोळ्या कुटून, पाण्यात विरघळवून द्यायच्या, त्यातही काही गोळ्या कुटायच्या नसतात हे नंतर समजलं. तोंड आतून साफ ठेवायचं, मानेचे टाके बघायचे, खांदा जखडू नये म्हणून हात वर करायचे व्यायाम, तोंड उघडायचे व्यायाम. तोंड किती उघडतं ते बोटांनी मोजतात, आज एक बोट जातं, पुढच्या आठवड्यात दीड गेलं तर घरात आनंद.

आप्पांना बोलता येत नव्हतं म्हणून भाचीची पाटी त्यांच्या उशाशी ठेवलेली. पहिल्या दिवशी मी सिरिंज भरली आणि दांडा दाबून फीड आत ढकलायला लागलो, मला वाटलं लवकर पोटात गेलं की बरं. त्यांनी हात वर केला, डोळ्यात पाणी आलेलं, पाटी ओढली आणि एकच शब्द लिहिला, "हळू". मी हळू दाबायला लागलो. दांडा दाबायचाच नसतो, तो काढून ठेवायचा आणि सिरिंज नुसती उंच धरायची, फीड स्वतःच्या वजनाने उतरतं, हे मला चौथ्या दिवशी गल्लीतल्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने सांगितलं. चार दिवस, रोज नऊ वेळा, मी माझ्या बापाला त्रास देत होतो आणि मनात मात्र आपण सेवा करतोय असं चाललेलं.

त्याहून वाईट पुढे झालं. एका रात्री घामाने नाकावरची चिकटपट्टी सुटली आणि नळी चांगली चार बोटं बाहेर आली. मी ती तशीच आत सरकवली, नवीन पट्टी लावली आणि झोपलो. सकाळी पहिलं फीड द्यायच्या आधी सहज म्हणून ओळखीच्या एका डॉक्टरांना फोन केला तर ते ओरडलेच. नळी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेली असेल तर पुढचं २०० मिली दूध फुफ्फुसात जाईल, आत ताजे टाके आहेत, हात लावू नका, आधी इकडे आणा. ती सकाळ आठवली की आजही माझे हात गार पडतात. आता मला सांगा, माझी माया कमी होती का? संस्कार कमी होते? नळी बाहेर आली तर काय करायचं नाही, हे एक वाक्य मला कोणी मराठीत सांगितलेलं नव्हतं, एवढीच गोष्ट होती.

घरीच आणा म्हणणाऱ्यांचं जे सगळ्यात खरं आहे ते मी आधी मान्य करतो. हॉस्पिटलमध्ये जास्त दिवस राहिलं तर तिथलं इन्फेक्शन लागायची भीती असते. बेड अडवून धरणं म्हणजे दुसऱ्या कोणाचं तरी ऑपरेशन पुढे ढकलणं. मुंबईत परळला टाटा मेमोरियलच्या आसपास एक चक्कर मारली तरी कळतं की देशभरातून किती माणसं बेडसाठी थांबलेली आहेत, १९४१ पासून ते हॉस्पिटल चालू आहे आणि रांग काही हटत नाही. आणि घर ते घर. आप्पांनी हॉस्पिटलमध्ये दहा दिवसांत पाटीवर काही धड लिहिलं नव्हतं, घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी लिहिलं, "खिडकी उघड". समोरच्या लिंबाच्या झाडावर साळुंक्या येतात त्या त्यांना बघायच्या होत्या. हे कुठल्या पॅकेजमध्ये बसत नाही.

पण याच मंडळींचं दुसरं वाक्य असतं की परक्याच्या हाताला माया नसते. हे मी अजिबात मान्य करणार नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले पुण्याच्या बाहेर त्यांच्या दत्तक मुलाने, डॉक्टर यशवंतने, उघडलेल्या दवाखान्यात रोगी आणत होत्या. मुंढव्याच्या वस्तीतल्या गायकवाडांच्या पोराला पाठीवर घालून त्यांनी आणलं, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. त्या पोराच्या कोण लागत होत्या त्या? परक्या बाईने पाठीवर घेतलेलं आपण अभिमानाने सांगतो, मग काकूंचा गळा साफ करणाऱ्या बाईला परकी म्हणून हिणवायचा आपल्याला काय अधिकार आहे? हात परका की घरचा यापेक्षा हाताला काम येतं का हे पेशंटच्या जिवाला जास्त महत्त्वाचं असतं.

आता दुसऱ्या पार्टीकडे येतो, कारण पैसे द्या आणि मोकळे व्हा हे ऐकायला जितकं शहाणपणाचं वाटतं तितकं ते नाही. त्यांचं एक म्हणणं खरं आहे, थकलेला, झोप न झालेला, घाबरलेला मुलगा हा चांगला नर्स नसतो, मीच त्याचा पुरावा आहे. पण माणूस मिळतो कुठून? पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून आम्ही पंधरा दिवस एक बाई ठेवली, बारा तासांचे हजार रुपये, म्हणजे महिन्याला तीस हजार, त्यातले तिला किती मिळायचे देव जाणे. बिचारी कष्टाळू होती पण तिने त्याआधी फक्त म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालणं आणि डायपर बदलणं केलेलं, नाकातली नळी तिने पहिल्यांदा आमच्याकडेच बघितली. तिला कोणी शिकवलं? मी. मला कोणी शिकवलं होतं? कंपाउंडरने. म्हणजे प्रोफेशनल म्हणून ज्याच्या हातात सोपवायचं म्हणता ते माणूसच तयार नसेल तर पैसे देऊन तुम्ही नक्की काय विकत घेताय? चांगली केअर सेंटर आहेत, काकू जिथे होत्या ते चांगलंच होतं, पण ती मोठ्या शहरात आणि ज्याच्या खिशाला परवडतील त्याला. जत, आटपाडी, सांगोल्याच्या माणसाने काय करायचं?

आणि दोन्ही पार्ट्यांनी मिळून एक गोष्ट झाकून ठेवलीय, ती म्हणजे हे करतं कोण. आमच्याकडे बघायला येणारा प्रत्येक जण माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, श्रावणबाळ आहेस रे. मी सुट्टी संपल्यावर चौदाव्या दिवशी ऑफिसला गेलो. त्यानंतरची रोजची नऊपैकी सहा फीड माझ्या बायकोने दिली, तिने शाळेतली नोकरी तीन महिने बिनपगारी रजेवर ठेवली आणि परत गेली तेव्हा तिचा वर्ग दुसरीला दिलेला होता. कौतुक माझं झालं, नोकरीला धक्का तिच्या बसला. आईचं तर काय सांगू, आप्पांना फोडणीचा वास गेला की ते कासावीस व्हायचे, खाता येत नाही ना, म्हणून पाच आठवडे आमच्या घरात फोडणी पडली नाही, आई शेजारच्या वहिनींकडे जाऊन उभ्याने चार घास खाऊन यायची आणि दार उघडायच्या आधी तोंड धुवायची. मुलगा सांभाळतो का असं विचारणाऱ्यांनी एकदा तरी सुनेला आणि बायकोला काय किंमत मोजावी लागली ते विचारलंय का?

मग पुंडलिकाचा दाखला येतोच. येऊ दे, मला तो आवडतो, आमच्या घरात माळ आहे. पण ती कथा नीट आठवा. पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता, देव दारात आला, पुंडलिकाने वीट फेकली आणि सांगितलं थांब, हे आटपू दे. आणि देव थांबला. कमरेवर हात ठेवून थांबला, तो अजून तिथेच आहे. आपण पुंडलिकाचं कौतुक करतो आणि थांबणाऱ्याला विसरतो. सेवा करणाऱ्यासाठी कोणीतरी थांबावं लागतं, तेव्हा ती सेवा होते. आज आपल्या पुंडलिकासाठी कोण थांबतं? कारखान्यातल्या कामगाराला वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा मिळते, वर्षात तीनशे दिवस राबला तर पंधरा दिवस. इथे ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन, ज्याला गावाकडे शेक म्हणतात, तो सुरू करतात, आठवड्याला पाच अशा तीस सिटिंग म्हणजे आणखी सहा आठवडे. बारा आठवड्यांचं काम आणि पंधरा दिवसांची रजा, तीही वर्षभरात दुसरं काहीच झालं नसेल तर. रोजंदारीवाल्याला, रिक्षावाल्याला, टपरीवाल्याला तर तेवढीही नाही.

कायदा काय म्हणतो बघा. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा आहे. त्यात मुलांनी आईवडिलांना अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार द्यायचे, महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंत पोटगीचा आदेश होऊ शकतो, आणि सांभाळायची जबाबदारी असताना म्हाताऱ्या माणसाला टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. हा कायदा हवाच, ज्यांनी खरंच टाकलंय त्यांच्यासाठी तो हवाच. पण जो टाकत नाहीये, रात्री दोनला उठून नळी बघतोय, त्याला या कायद्याने एक दिवसाची रजा दिलीय का? एक नर्स दिलीय का? कर्तव्याची सक्ती करता येते आणि कर्तव्य करायला जागा देता येत नाही, हे मला न्यायाचं वाटत नाही.

इथे नेहमीचा आणि सगळ्यात वजनदार आक्षेप येतो की हा घरगुती मामला आहे, घरच्या कामाला सरकारने आणि मालकाने का पैसे मोजायचे, आणि मोजायला लागलं की मायेचा व्यवहार होईल. शंभर वर्षांपूर्वी हेच बाळंतपणाबद्दल म्हणत होते. बाळंतपण म्हणजे घरचा प्रश्न, बायका हजारो वर्षं करतायत, त्याचा गिरणीमालकाशी काय संबंध? १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायकांच्या प्रसूती रजेचं बिल आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले, आईला बाळंतपणाच्या वेळी विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, तेव्हा त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारनेही उचलला पाहिजे ही त्यांची भूमिका होती. १९२९ ला मुंबई प्रांतात तो कायदा झाला. मग १९६१ ला देशाचा झाला, २०१७ ला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी बारा आठवड्यांचे सव्वीस आठवडे झाले. पगारी रजा मिळाली म्हणून कुठल्या आईची माया पातळ झाली? उलट पहिले सहा महिने बाळाला अंगावर पाजणं कितीतरी नोकरदार बायकांना त्यामुळेच शक्य झालं. जन्माच्या वेळी माणसाला दुसऱ्या माणसाची पूर्णवेळ गरज असते हे आपण कायद्यात लिहिलं. जबडा काढलेल्या सत्तरीच्या माणसाला ती तेवढीच असते, हे लिहायला काय हरकत आहे? केंद्र सरकारच्या नोकरीत बायकांना आणि एकल बापांना मुलांच्या संगोपनासाठी सगळ्या नोकरीत मिळून ७३० दिवसांची रजा असते. चांगलीच गोष्ट आहे. आईबापासाठी मात्र वेगळी अशी रजा नाही, स्वतःची अर्जित रजा वापरा म्हणतात.

पैसा कुठून आणायचा, हा आक्षेप मी हलका समजत नाही. जर्मनीने १९९५ ला आणि जपानने २००० साली दीर्घकाळच्या शुश्रूषेसाठी वेगळा विमाच सुरू केला. जर्मनीत घरी करणाऱ्या नातेवाइकाच्या पेन्शनमध्येसुद्धा भर पडते, जपानमध्ये घरच्या आजारी माणसासाठी ९३ दिवसांची रजा आहे. ते श्रीमंत देश, त्यांची बरोबरी आपण आज करू शकत नाही, मान्य. पण मग केरळचं काय? १९९३ ला कोझिकोडला काही डॉक्टरांनी आणि कार्यकर्त्यांनी पॅलिएटिव्ह केअरचं काम सुरू केलं, पुढे गावोगावचे शेजारीपाजारी त्यात उतरले, २००८ ला राज्याने त्याचं धोरण केलं आणि आज तिथे पंचायतीमार्फत नर्स घरोघरी जाते. पॅलिएटिव्ह म्हटलं की आपल्याकडे लोकांना वाटतं शेवटचे दिवस, तसं नाही, नळी बदलणं, जखम साफ करणं, वेदना कमी करणं, घरच्यांना हात धरून शिकवणं, हे सगळं त्यात येतं. तामिळनाडूनेही २०२१ पासून घरपोच औषधं, फिजिओथेरपी सुरू केली. ही काही सोन्याने मढलेली राज्यं नाहीत. आपल्याकडे ऑपरेशनच्या खर्चासाठी आपण जे केलं ते खरंच मोठं आहे, २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली योजना २०१७ पासून महात्मा फुले यांच्या नावाने चालते, दीड लाखाचं संरक्षण पाच लाखांवर न्यायचा निर्णय २०२३ मध्ये झाला. केंद्राच्या आयुष्मान भारतमध्ये डिस्चार्जनंतरच्या १५ दिवसांचा खर्च धरलेला असतो. सोळाव्या दिवशी काय होतं? आप्पांची नळी पाच आठवड्यांनी निघाली. लाखो रुपयांचं ऑपरेशन करून दिलेला माणूस घरी चुकीच्या फीडने न्यूमोनिया होऊन परत आला किंवा अंगात ताकदच नाही म्हणून शेक लांबला, तर ते लाखो रुपये गेले कुठे? तेव्हा घरच्या कामाला पैसे नाहीत हा हिशोब मला उलटा वाटतो, ते काम नीट झालं नाही तर आधी घातलेला पैसाच वाया जातो.

आशा वर्करवर टाका, असंही कोणीतरी लगेच सुचवतं. कृपा करून असं म्हणू नका. त्या बायकांच्या डोक्यावर आधीच इतकी रजिस्टरं आहेत आणि मानधनासाठी त्यांना आझाद मैदानात बसावं लागलंय. टाकायचंच असेल तर वेगळं प्रशिक्षण आणि वेगळे पैसे देऊन टाका, नाहीतर एका बाईच्या अंगावरचं ओझं दुसऱ्या बाईच्या अंगावर सरकवलं एवढंच होईल.

आणि सगळ्याला पैसाच लागतो असंही नाही. डिस्चार्जच्या आधी दोन दिवस घरातल्या दोन माणसांना वॉर्डात बसवा आणि सिस्टरच्या समोर त्यांच्या हाताने पाच वेळा फीड द्यायला लावा, चुकू दे तिथेच. कागद मराठीत द्या, मोठ्या अक्षरात, चित्रं काढून, आणि त्यात काय करायचं याच्या आधी काय करायचं नाही ते लिहा. रात्री दोन वाजता उचलला जाईल असा एक फोन नंबर द्या. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एक सिस्टर अशी ठेवा जिला नळी, गळ्याचं भोक, पोटावरची पिशवी बदलता येते, म्हणजे पट्टी सुटली म्हणून माणसाला एसटीत घालून मुंबईला न्यायला नको. काही ठिकाणी डॉक्टर आणि सिस्टर हे मनापासून करतातही, पण पेशंटच्या नशिबावर ते सोडता कामा नये. गाडगेबाबांना शाळेची पायरी माहीत नव्हती, तरी त्यांना हे कळलेलं की पेशंटबरोबर एक माणूस असतं आणि त्यालाही अंघोळीला पाणी, निजायला सतरंजी लागते, म्हणून त्यांनी देवळं न बांधता धर्मशाळा बांधल्या, आजही दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कॅन्सरचे पेशंट आणि नातेवाईक राहतात. बाबांनी ज्या माणसाला बघितलं तो माणूस आपल्या सगळ्या योजनांमधून अजून गायब आहे.

एक आक्षेप माझ्या सख्ख्या बहिणीचाच आहे आणि तो मला लागतो. ताई म्हणते, दादा, एवढं सगळं दिलं तरी जो बघणार नाही तो बघणारच नाही, आणि ज्याला बघायचंय तो काही नसताना पण बघतो, तू पण बघितलंसच की. खरं आहे. निष्ठुर माणसं असतात, त्यांना रजेने माया फुटणार नाही. पण ज्याला बघायचंय तो काही नसताना बघतो, याची किंमत कोण देतं? मी बघितलं तेव्हा ती आप्पांनी दिली, चार दिवस ठसके खाऊन. माझ्या बायकोने दिली. आणि ज्याच्या घरात ओरडणारा ओळखीचा डॉक्टर नव्हता अशा कोणीतरी, मला माहीत नसलेल्या घरात, ती किंमत जिवाने दिली असेल. मग ते घर आयुष्यभर म्हणत राहणार, आम्ही कमी पडलो. ते कमी पडलेले नसतात हो, त्यांना सांगणारं कोणी नव्हतं.

गेल्या रविवारी काकूंना सेंटरमधून घरी आणायचं होतं, तेव्हा त्यांच्या मुलाबरोबर मी गेलो. नातेवाइकांपैकी दुसरं कोणी आलं नाही. गळ्याचं भोक बुजत आलेलं, नाकातली नळी अजून होती. तिथे एक मावशी होत्या, पन्नाशीच्या, साताऱ्याकडच्या असाव्यात बोलण्यावरून. त्यांनी त्याला तीन दिवस आधीपासून रोज दुपारी बोलावून घेतलेलं, आज शेवटचं म्हणून पूर्ण फीड त्याच्याकडून करून घेतलं. नळीवरची खूण नाकपुडीशी आहे का ते आधी बघायला लावलं, नसेल तर हात न लावता फोन करायचा हे त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मग त्याने सिरिंज भरली, हात थरथरत होता त्याचा, नकळत अंगठा दांड्यावर गेला. मावशींनी त्याचा अंगठा अलगद बाजूला केला, दांडा काढून ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "दाबायचं नाही दादा, नुसतं धरायचं. जातंय आपोआप." काकू त्याच्याकडे बघत होत्या. पेज हळूहळू खाली उतरत गेली.